ओलं तिथे घट्ट

रत्नागिरी
४ मे २०२३

प्रिय मालन,

सोमवारी तू मंडणगडच्या एस.टी.त चढलीस, पिशवी मांडीवर घेतलीस आणि गाडी सुटेपर्यंत समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसलीस. मी खाली उन्हात उभी होते. नणंदेने निघताना वहिनीकडे एकदा वळून बघायचं असतं, एवढं तरी तुझ्या आईने तुला शिकवलं होतं. असो. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं मागाहून पुसता येतं म्हणून माझा त्यावर विश्वास नाही. तेव्हा हे पत्र.

यमुनाबाईंच्या मांडीचं हाड मोडलं आहे. मंगळवारी ऑपरेशन झालं, आत सळी घातली. डॉक्टर म्हणतात चालतील, पण कशा ते बघावं लागेल. चाळीस वर्षं मिरकरवाड्याच्या जेटीवर डोक्यावर माशांची पाटी घेऊन धावलेली बाई आता बेडवर सरकायलाही नर्सची वाट बघते. त्यांचा दीपक मुंबईहून आला आहे. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात हाताची घडी घालून तो येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारतो, "जबाबदार कोण?" मी म्हटलं, "तू गप बस. जबाबदार कोण ते मी कागदावर लिहून देते."

आणि त्यात शंका घेण्यासारखं आहेच काय? सहल मी काढली, हे कबूल. आपल्या गल्लीतल्या नऊ बायका, आयुष्यभर खारं पाणी बघितलेल्या. म्हटलं, एकदा घाट चढून कोयनेचं गोडं पाणी बघू, संध्याकाळी घरी परत येऊ. घावणे माझे, चटणी शेजारच्या चिमाची, गाडी बाबल्याची. सुट्टीच्या दिवशी त्याची शाळेची व्हॅन रिकामीच असते. कुंभार्ली घाटात ढग खाली राहिले आणि आपण वर निघालो तेव्हा तूसुद्धा खिडकीला नाक लावून बसली होतीस. डोंगरांच्या मधून ते पाणी पहिल्यांदा दिसलं तेव्हा गाडीत कुणी बोललं नाही. नऊ बायका, मालन! विचार कर.

त्यानंतरचं मी तक्रारीत लिहिलं आहे ते असं: वरच्या टपरीवर चहाला गाडी थांबली. सहा जणी उतरल्या. मागच्या सीटवर यमुनाबाई झोपल्या होत्या, मधल्या सीटवर तू, पुढे मी. ड्रायव्हरने आपल्या मनाने गाडी रस्ता सोडून तलावाच्या सुकलेल्या भागात उतरवली आणि थेट पाण्यापर्यंत नेली. तिथे पुढची चाकं रुतली, गाडी पाण्याच्या बाजूला कलली, आणि घाबरून उतरताना यमुनाबाई पडल्या.

हा अर्ज मी शाळेच्या परिवहन समितीला देते आहे. तुला माहीतच आहे, मी त्या समितीवर आहे, आणि दर जूनला कुठली व्हॅन मुलं नेण्यालायक हे आम्ही ठरवतो. ज्याने तीन म्हाताऱ्या चिखलात घातल्या त्याच्या हाती चौदा मुलं द्यायची? आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, चूक दिसली आणि गप्प बसलात तर ती तुमची झाली.

सोबत अर्जाची प्रत आहे. खाली साक्षीदार म्हणून सही करून पाठव. काय बोलणं झालं ते तुला कुणी विचारणार नाही, तुला ऐकू येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. डोळ्यांनी पाहिलंस तेवढ्याची सही.

तुझी,
गुणवंतीवहिनी


मंडणगड
११ मे

ती. वहिनींना मालनचा नमस्कार,

एस.टी.त मी वळून पाहिलं नाही कारण वळले असते तर काहीतरी बोलले असते, आणि मला स्वतःचा आवाज किती मोठा येतो ते हल्ली कळत नाही. सगळ्या स्टँडला ऐकू गेलं असतं.

यमुनाबाईंचं वाचून जेवण गेलं नाही. त्यांना सांगा, मी रोज त्यांचं नाव घेते.

तो दिवस मलाही आठवतो. पाणी उतरून उघडी पडलेली लाल माती, तिला पडलेल्या भेगा, आणि त्याच्या पलीकडे इतकं शांत पाणी की डोंगर त्यात उलटे उभे होते. मला वाटलं, लाट नसलेल्या पाण्याचा आवाज कसा येत असेल. मग आठवलं की ज्यांना ऐकू येतं त्यांनाही तो येत नसणार. बरं वाटलं.

तुमचा कागद टेबलावर आहे. सही केलेली नाही. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, न वाचता सही केली नाही आणि वाचून न पटलेल्यावर तर नाहीच. मला काही विचारायचं आहे.

तुम्ही लिहिलं आहे की बाबल्याने गाडी थेट पाण्यापर्यंत नेली. थेट नाही, वहिनी. रस्ता संपून माती सुरू होते तिथे त्याने गाडी थांबवली. तो उतरला. तोंडाला धुळीसाठी रुमाल बांधला होता. कुठूनशी काठी घेऊन पन्नासेक पावलं खाली गेला, जमीन टोचून बघितली, परत आला आणि तुमच्या खिडकीशी वाकून उभा राहिला. दोन-तीन मिनिटं तरी उभा होता. मग आत बसला आणि गाडी खाली घेतली. हे तुमच्या अर्जात नाही.

गाडी रुतल्यावर त्याने पायाखालची सगळी मॅटिंग काढून चिखलावर अंथरली, यमुनाबाई पडल्यावर त्यांना पाठीवर घेऊन त्या उतारावरून वर आणलं, हेही नाही. त्याच्या चपला अजून तिथेच चिखलात असतील.

खिडकीशी उभा राहून तो काय म्हणाला?

मालन


रत्नागिरी
१६ मे

मालन,

प्रश्नपत्रिका मिळाली. किती मार्कांची आहे?

काय म्हणाला! म्हणाला असेल काहीतरी. ड्रायव्हर लोक बोलतच असतात. पन्नास पावलं चालून काठी टोचली म्हणून माणूस शहाणा होतो का? टोचली होती तर न्यायची नव्हती. मॅटिंग अंथरलं हे उपकार झाले वाटतं. आधी आग लावायची आणि मग बादली घेऊन धावायचं.

आता ऐक, म्हणजे वाच. तुझ्या सहीवाचून काही अडलं नाही. समितीने त्याचा जबाब घेतला. मला प्रत मिळाली आहे, तशीच उतरवते: "गाडी मी नेली. चुकी माझी. मला कोणी सांगितलं नाही. यमुनाबायला लागलं त्याचं मला फार वाईट वाटतं. बाबल्या." बस. वाचलंस ना? ज्याची चूक तो स्वतः कबूल करतो आहे आणि तू मंडणगडात बसून त्याची वकिली करतेस.

तू मिरकरवाड्यातच जन्मलीस, पण डोंगरात राहून विसरलीस. बाबल्या व्हॅन घेण्याआधी पंधरा वर्षं ट्रॉलरवर तांडेल होता. बोट खडकावर गेली तर तांडेलाने 'वारा होता', 'खलाशी चुकला', 'मालकाने सांगितलं' असलं काही म्हणायचं नसतं. सुकाणू ज्याच्या हातात, दोष त्याचा. माझ्या वडिलांच्या दोन बोटी होत्या, मी हे त्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं आहे. बाबल्याला तो नियम ठाऊक आहे. तुलाच नाही.

दहा जूनला बैठक आहे, तोवर त्याचं शाळेचं काम थांबवलं आहे. पंधराला शाळा उघडते. पालकांनी आतापासून दुसऱ्या गाड्या बघायला सुरुवात केली आहे. एकदा मुलं दुसऱ्या गाडीत बसली की ती परत येत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको.

काल त्याची बायको मैना आली होती. पायरीवरच उभी राहिली, "आत ये" म्हटलं तरी आली नाही. म्हणते, "बाय, तो जेवाक बसतो नि ताट तसाच ठेवून उठतो. मी इचारलं, घाट तुला म्हायती नाय, मग कशाक गेलंस खाली? तर बोलत नाय. तुमी होतात ना पुढं बसलेली? तुमी तरी सांगा काय झालं ते."

मी म्हटलं, "मैना, जबाबात त्यानेच लिहून दिलंय. आणखी मी काय सांगू?"

ती म्हणाली, "बरा." आणि गेली. पाणीसुद्धा घेतलं नाही. या लोकांना मान ठेवणं म्हणून माहीत नाही.

यमुनाबाई रविवारी घरी आल्या. वॉकर आणला आहे.

गुणवंती


मंडणगड
२३ मे

वहिनी,

हे पत्र मी तीनदा लिहिलं. पहिली दोन चुलीत गेली.

तुम्हाला वाटतं की मला ऐकू येत नाही म्हणून मला काही कळलं नाही. नऊ वर्षं झाली माझे कान गेल्याला. नऊ वर्षं मी माणसांची तोंडं बघून जगते आहे. भाजीवाली, कंडक्टर, माझी सून, सगळ्यांची. सुनेला हे ठाऊक आहे, ती माझ्याबद्दल काही बोलायचं असलं की पाठ फिरवते. तुम्ही पाठ फिरवली नाहीत, कारण पाठ आधीच माझ्याकडे होती.

पण ती शाळेची गाडी आहे. मागे बसलेल्या मुलांवर लक्ष राहावं म्हणून बाबल्याने पुढच्या काचेवर मोठा फुगीर आरसा लावला आहे. त्यात सगळी गाडी दिसते. तुमचा चेहरा त्यात माझ्या अगदी समोर होता.

तुम्ही म्हणालात, "ने रे खाली, काही होत नाही. भाट्याच्या पुळणीवर कधी गाडी घातली नाहीस का? सुकी वाळू भुसभुशीत, ओलं तिथे घट्ट. पाण्याच्या कडेपर्यंत घे."

शब्द न् शब्द हेच होते. मी काही बोलले नाही, कारण मलाही ते खरं वाटलं. आपण पुळणीवरची माणसं. समुद्र रोज येऊन वाळू ठोकून घट्ट करतो, म्हणून आपण लहानपणापासून ओल्यावरूनच चालतो, सायकल शिकलो तीही ओल्यावरच. तलावाचं पाणी येत-जात नाही, ते नुसतं उतरतं आणि मागे गाळ ठेवतं, कडेला सगळ्यात मऊ, हे तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ही चूक आपल्यातल्या कुणीही केली असती. त्यात लाज कसली?

लाज त्या जबाबाची आहे. "मला कोणी सांगितलं नाही." हे वाचून तुम्ही मला 'बघ' म्हणून लिहिता? वहिनी, तो तुम्हाला वाचवतो आहे. तांडेलाचा नियम तो पाळतो आहे, आणि तुम्ही त्याचा आडोसा करून बसला आहात. तुमच्या वडिलांनी हेही सांगितलं असेल की मालक किनाऱ्यावर उभा राहून तांडेलाला काय म्हणाला ते मालकाला माहीत असतं.

बाबल्या काय म्हणाला ते मला अजून कळलेलं नाही. परत येताना त्याच्या तोंडावर रुमाल होता, आणि खिडकीशी तुमचं डोकं मधे आलं. ते तुम्हीच जाणता.

दहा तारखेच्या आत समितीला खरं सांगा. नाहीतर मी सांगेन.

मालन


रत्नागिरी
२७ मे

मालन,

आरशात सगळं उलटं दिसतं. बहिऱ्या बाईने फुगीर आरशात वाचलेले ओठ ही साक्ष घेऊन जा समितीपुढे, त्यांनाही उन्हाळ्यात करमणूक हवीच आहे.

मला पत्रातून धमकी देतेस? तुझ्या भावाच्या आजारपणात सात महिने मी एकटीने काढले. तू आलीस ती बाराव्याला. तेव्हा मी हिशेब मागितला नाही. टेलिफोन ऑफिसात एकतीस वर्षं मी लोकांची बोलणी जोडली, एकदाही कुणाचं चोरून ऐकलं नाही. आणि तू मागे बसून माझं तोंड वाचत होतीस!

धरू की मी म्हणाले. म्हणून काय झालं? सांगणाऱ्याने सांगितलं, स्टिअरिंग माझ्या हातात होतं का? मी एकाहत्तर वर्षांची बाई, माझ्या सांगण्याने गाडी चालते?

तुला काय, सही करायची नाही, गावात राहायचं नाही. मी इथे राहते. या गल्लीत मला सगळे बाय म्हणतात, पोरांचे फॉर्म माझ्याकडून भरून नेतात. दीपकला कळलं तर तो माझ्या दारात उभा राहून ओरडेल. ते तुला चालेल. मला चालणार नाही.

यमुनाबाईंकडे रोज जाते. काल त्या म्हणाल्या, "बाबल्या येईना झाला मला बघूक. माझ्यावर रागावला की काय गो?" दीपकने त्याला दारात पाय ठेवू नकोस म्हणून बजावलं आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही. मी मोसंबं सोलून दिलं.

तुझ्या पत्राचं उत्तर एवढंच.

गुणवंती


मंडणगड
१ जून

वहिनी,

बाराव्याला आले ते खरं आहे. ते मला कायम खुपतं. त्याची शिक्षा तुम्ही मला हवी ती द्या, बाबल्याला नको.

मी नऊ तारखेच्या सकाळच्या एस.टी.ने येते. दहाला शाळेत जाईन. त्या रात्री तुमच्याकडे उतरू की चिमाकडे, तेवढं कळवा.

मालन


रत्नागिरी
११ जून

प्रिय मालन,

'येऊ नकोस, मी जाते' हा माझा मोबाईलवरचा निरोप तुला मिळाला आणि तू आली नाहीस. त्यावर विश्वास ठेवलास, हे बरं केलंस की वाईट ते पुढे वाच.

काल बैठक झाली. शाळेच्या त्याच हॉलमध्ये, जिथे आम्ही पावसाळ्यात खो-खो खेळायचो. प्रिन्सिपल सिस्टर, एक शिक्षक, दोन पालक आणि मी. बाबल्या दाराशी स्टुलावर, इस्त्रीचा शर्ट, नव्या चपला. मी उभी राहिले आणि म्हटलं, "माझी तक्रार खोटी आहे. गाडी खाली न्यायला मी सांगितलं. ओलं तिथे घट्ट असतं, असं मीच म्हणाले."

मला वाटलं, झालं. सुटले. एवढं मोठं मन केलं म्हणजे आता कुणीतरी म्हणेल, मॅडम, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. आम्हाला लहानपणी असंच शिकवलं होतं. कबुली दिली की पाटी कोरी.

पालकांपैकी एक वकील आहेत. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मग हे आणखी वाईट झालं. ड्रायव्हर स्वतः चुकला असता तर एक वेळ समजलं असतं. पण शेजारी बसलेल्याने सांगितलं आणि याने ऐकलं? उद्या एखादं पोर म्हणालं, काका, गाडी पाण्यात घाला, तर हा घालणार? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हाती मुलं कशी द्यायची?"

सगळ्यांनी माना हलवल्या. सिस्टरनी सुद्धा. त्यांनी बाबल्याला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" तो स्टुलावरून उठला आणि म्हणाला, "नाय सिस्टर. सुकाणू माझ्या हातात होतं."

सिस्टरनी पेन उचललं.

मालन, तू मला दोन पत्रांत विचारलंस, खिडकीशी तो काय म्हणाला. मी एकदाही सांगितलं नाही. तुला आरशात माझे ओठ दिसले, पण तेही सगळे दिसले नाहीत. तू म्हणतेस ते शब्द मी बोलले, पण ते पहिल्यांदाचे. नंतरचे बोलताना मी खिडकीबाहेर तोंड काढलं होतं.

पहिल्यांदा मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघून येतो, बाय." बघून आला. म्हणाला, "नाय नेणार. वरती पापुद्रा सुकाय, खाली काठी हातभर जाते. ही आपली पुळण नाय." मी म्हटलं, "मला पुळण शिकवतोस?" तो म्हणाला, "नाय बाय. यमुनाबायला मी उचलून नेतो पाण्यापर्यंत. तुमी हात धरून चला. गाडी नको."

हे दोनदा झालं. दोन वेळा तो नाही म्हणाला, स्वच्छ, रुमाल खाली ओढून.

आणि यमुनाबाईंचं म्हणशील तर त्या झोपल्या होत्या, त्यांना पाण्याकडे जायचंच नव्हतं. मला जायचं होतं. माझे गुडघे गेले आहेत, मालन. दोन वर्षं झाली, मी कुणाला सांगत नाही. त्या उतारावरून मी चालले असते तर आडवं चालावं लागलं असतं, बाबल्याचा हात धरून, आणि त्या सहा जणी वर टपरीवर चहा पीत बघत बसल्या असत्या. सहल माझी. मी पुढे. मला ते नको होतं.

म्हणून मी खिडकीबाहेर डोकं काढून त्याला हळू आवाजात म्हटलं, "जूनमध्ये तुझ्या कागदावर सही कोण करतं, ते लक्षात ठेव."

त्याने रुमाल वर केला आणि आत येऊन बसला.

हे मी काल त्या हॉलमध्ये सांगितलं. बसूनच सांगितलं, उभं राहवलं नाही. सांगताना बाबल्याकडे बघितलं नाही. सिस्टर माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबता का? तुम्हीही थांबा, बाबल्या."

बाहेर एकच बाक. तो एका टोकाला, मी दुसऱ्या. वीस मिनिटं. मी म्हटलं, "बाबल्या." तो म्हणाला, "ऱ्हावदे, बाय." एवढंच.

निकाल असा: त्याची गाडी पंधरापासून सुरू. माझं नाव समितीवरून काढलं. ते विचारून काढलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, पण विचारलं नाही.

दीपकला मी रात्रीच फोन केला. तो ओरडला. मी ऐकून घेतलं. गल्लीला आज सकाळी कळलं. नळावर चिमाने माझी कळशी भरून दिली, बोलली नाही.

तुझी,
गुणवंती


मंडणगड
१५ जून

वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं.

मला वाटत होतं की मला सगळं ठाऊक आहे, तुम्हाला फक्त तोंड उघडायचं आहे. इतकी मी माझ्या डोळ्यांवर खूश होते. तो नाही म्हणाला होता हे मला दिसलं नाही. तुम्ही गप्प बसला असता तर ते कुणालाच कधी कळलं नसतं, मलाही नाही. मी आले असते, अर्धंच सांगितलं असतं, आणि माझ्या अर्ध्या सत्याने त्याचं काम कायमचं गेलं असतं. हे मला रात्रभर टोचत राहिलं.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही त्याला धमकावलंत ते मी विसरणार नाही. पण त्या बाकावर वीस मिनिटं बसलात, तेही विसरणार नाही.

आता त्याच्याकडे सरबताची बाटली आणि दहा आंबे घेऊन जाऊ नका. तुम्हाला तसं वाटेल. जाऊ नका.

गुडघ्यांचं डॉक्टरांना दाखवा.

मालन


रत्नागिरी
२० जून

प्रिय मालन,

तुझं पत्र उशिरा आलं. आंबे नेऊन झाले होते. मैनाने घेतले, दहा मोजून, आणि संध्याकाळी अकरा आणून दिले. मी शिकले.

काल यमुनाबाईंचा एक्स-रे होता. दीपक मुंबईला गेला, जाताना त्यानेच बाबल्याला फोन करून गाडी सांगितली. म्हणजे माफ केलं असावं, किंवा दुसरी गाडी मिळाली नसावी. मी सोबत जाणार होते. एवढे दिवस मीच जाते, फाईल माझ्याकडेच असते.

मुलांना शाळेत सोडून साडेआठला तो आला. यमुनाबाईंना त्याने उचलूनच मधल्या सीटवर बसवलं. त्या त्याच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "इतके दिवस खंय होतास रे मेल्या?" तो हसला. मे महिन्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. वॉकर घडी करून त्याने मागे ठेवला. मी फाईल काखेत मारली आणि सवयीने पुढचं दार उघडलं.

तो म्हणाला, "बाय, फाईल द्या. तुमी नको."

मी म्हटलं, "अरे, डॉक्टरांशी बोलायला कुणी नको का?"

"मैना येतेय. वाटेत घेतो. तुमी माझ्या गाडीत बसू नका." आवाज चढवला नाही. रुमाल नव्हता तोंडावर. गल्लीतल्या चार जणी दारात उभ्या होत्या, चिमाही होती. यमुनाबाई आतून म्हणाल्या, "असा काय रे बोलतोस, बसूं दे तिला." तो माझ्याकडेच बघत होता, मी काय करते ते.

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, मालन. तुला माहीत आहे मला शब्द शोधावे लागत नाहीत.

मी फाईल सीटवर ठेवली. कुठला एक्स-रे आधी दाखवायचा ते त्याला सांगितलं. मग दार लावलं, नीट लागलं का ते ओढून बघितलं, आणि बाजूला झाले.

गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभी होते. मग घरी आले. पायऱ्या तीनच आहेत, पण कठडा धरून, आडवी आडवी चढले. चिमा बघत होती. बघू दे म्हटलं.

तुझी,
गुणवंतीवहिनी